एकोणचाळीस नंबरचा दगड

दगड खालून वर वाचायचा, हे आमच्या सरांचं पहिलं वाक्य. जमिनीच्या पोटात शिलारस थिजतो तेव्हा आधी तळ भरतो, आणि जे आधी भरलं ते आधी वाचायचं. म्हणून डोंगरावर जाताना नाल्यातून सुरुवात करायची, पहिला नंबर तिथल्या दगडाला द्यायचा आणि चढत चढत शेवटचा नंबर माथ्यावर संपवायचा. आमच्या विभागात हा नियम सोवळ्यासारखा पाळला जाई. सर तो असा सांगत, की पृथ्वी यांना विचारूनच थिजली असावी असं वाटे.

मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले ती सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मुलीने भूगर्भशास्त्र घेणं म्हणजे काय हे आमच्या आळीत कुणालाच कळत नव्हतं. "म्हणजे पुढे विहिरी खणणार का?" असं शेजारच्या काकूंनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. वडील टपाल खात्यात कारकून होते आणि आम्हा भावंडांत मी थोरली. डॉक्टरेट झाली तर कॉलेजात कायमची नोकरी, नाही झाली तर शिकवण्या आणि कुणीतरी पसंत करायची वाट, एवढा सरळ हिशेब होता. तो मला पाठ होता, आणि दुर्दैवाने सरांनाही.

पुणेकराला दगड म्हटला की एकच माहीत असतो, काळा. पायरीला तोच, वाड्याच्या जोत्याला तोच, पाट्याला तोच. तो लाव्हा होऊन वर आला, पसरला आणि बघता बघता थिजला. त्याला निवडानिवड करायला सवड मिळाली नाही. माझ्या वाट्याला आलेला दगड वेगळा होता. तो गुजरातेतल्या एका डोंगरात होता. तिथला शिलारस वर पोचलाच नाही, जमिनीच्या पोटात अडकला आणि हजारो वर्षं सावकाश निवत राहिला.

सावकाश निवलं की काय होतं ते मला आईच्या तुपामुळे चटकन समजलं. कढवलेलं तूप डब्यात ओतून ठेवलं की तळाशी रवा धरतो आणि वर पिवळं पातळ राहतं. शिलारसाचंही तसंच. आधी ऑलिव्हीनचे जड, हिरवट स्फटिक तयार होतात आणि तळाला बसतात. जाताना ते मॅग्नेशियम घेऊन जातात. त्यामुळे वर उरलेला रस पहिल्यासारखा राहत नाही. त्यातून पुढे जे स्फटिक येतात त्यांची घडण आणखी वेगळी. फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजातलं कॅल्शियम थराथराने कमी होत जातं, सोडियम वाढत जातं, आणि मागे राहिलेल्या रसात लोखंड साचत जातं. पुस्तकात याला शिलारसाचा विकास म्हणतात. मला हा शब्द तेव्हाही खटकायचा. प्रत्येक थराने काहीतरी काढून न्यायचं आणि जे उरलं त्याला विकसित म्हणायचं, हा कसला विकास?

यातला बराचसा बदल डोळ्यांना दिसत नाही. डोंगरावर काळे-पांढरे पट्टे दिसतात तेवढेच. खालच्या थरातलं फेल्डस्पार आणि वरच्या थरातलं फेल्डस्पार हातात घेतलं तर सारखंच पांढरं. फरक कळायचा तर दगडाचा काप काढायचा, तो काचेवर चिकटवून झिरझिरीत होईपर्यंत घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हे काप काढण्याचं काम विभागाच्या कार्यशाळेत एकच माणूस करायचा. त्यांना सगळे चाचा म्हणत.

चाचा गंज पेठेत राहायचे. त्यांचं घराणं भांड्यांवर नावं घालणारं. वडील रविवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून लोकांच्या तांब्यांवर, पातेल्यांवर बारीक छिन्नीने नावं कोरायचे. चाचांनीही लहानपणी ते केलं होतं. "ताई, भांड्यावर चुकीचं नाव पडलं तर खोडता येत नाही," ते म्हणायचे. "ते भांडं जन्मभर दुसऱ्याचं होऊन बसतं." त्यामुळे त्यांची कामाची रीत ठरलेली होती. टेबलावर एका वेळी एकच दगड. करवत लावायच्या आधी काचेवर हिरकणीच्या टोकाने नंबर कोरायचा. कागदी चिठ्ठीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एक काप पुरा होऊन खोक्यात गेल्याशिवाय ते दुसऱ्या दगडाला हात लावत नसत, मग दारात प्रमुख का उभे असेनात.

डोंगरावरही ते बरोबर यायचे, कारण त्यांच्यासारखा ताजा, न चिरलेला तुकडा हातोड्याने कुणालाच काढता येत नसे. तिथे दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने नंबर घालायचं काम त्यांचंच. दिवसातल्या पहिल्या दगडावर ते नंबराखाली जागाही लिहायचे, बारीक अक्षरात. आमच्या पहिल्या दगडावर "१" आणि खाली "नाला" असं होतं. मी एकदा खोक्यात एक दगड नंबर खाली जाईल असा टाकला, तर त्यांनी तो उचलून सुलटा केला आणि मग म्हणाले, "पालथा ठेवायचा नाही, ताई. पालथा ठेवला की तो हरवला." मी हसले. तेव्हा मला हसू येत असे.

पहिल्या वर्षी सर, चाचा आणि मी असे तिघे गेलो. नाल्यातून चढायला लागलो आणि डोंगराच्या अर्ध्यावर अडतिसावा दगड घेऊन थांबलो. वरचा अर्धा भाग पुढच्या हिवाळ्यात करायचा होता. त्या हिवाळ्यात निघायच्या आठवडाभर आधी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मी जाऊ शकले नाही. सर आणि चाचा दोघेच गेले आणि एकोणचाळीस ते एकसष्ट असे तेवीस दगड घेऊन परत आले.

सरांच्या वहीत नंबर होते, दगडांची वर्णनं होती, पण उंची एकाचीही नव्हती. उंची मोजायचं यंत्र बिघडलं म्हणाले. "आता उंच्या कशा लिहू, सर?" मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नियम आपल्याला माहीत नाही का? खालून वर. अडतिसाच्या वर एकोणचाळीस, त्याच्या वर चाळीस. अर्ध्यापासून माथ्यापर्यंत समान भाग पाडा आणि भरा." मी भरल्या. नोंदवहीत, माझ्या सुवाच्य अक्षरात. टपालातल्या कारकुनाची मुलगी, रकाने भरण्यात कुणाला हार जाणार?

त्या वर्षी सरांना विभागाचा जिनाही धड चढवत नव्हता, पण त्यांच्या गुडघ्यांबद्दल मी कुणाला विचारलं नाही.

पुढचे सात-आठ महिने मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. सकाळी वडिलांना अंघोळ घालून, भरवून यायचं आणि दिवसभर फेल्डस्पारचे कोन मोजायचे; त्यावरून सोडियम किती, कॅल्शियम किती ते कळतं. अडतिसापर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे निघालं. थराथराने सोडियम वाढत गेलं. मग एकोणचाळिसाला एकदम उडी. सोडियम इतकं, की हा दगड पार शेवटच्या रसातून आलेला असावा. आणि तिथून वर, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, सगळं उलट्या दिशेने. जसं वर जावं तसं सोडियम कमी, कॅल्शियम जास्त. माथ्यावरच्या एकसष्टाला तर शिलारस पुन्हा अर्ध्या वाटेवर आलेला.

मी घाबरले. मला वाटलं माझंच मोजण्यात चुकलं. पुन्हा सगळं मोजलं. आकडे तेच आले. सरांना आलेख दाखवला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मी त्यांना कुणासाठी उभं राहिलेलं त्याआधी बघितलं नव्हतं. "नवा रस आला," ते म्हणाले. "जुना संपत आला असताना खालून ताजा रस शिरला आणि हळूहळू मिसळत गेला. शिलारस मागे फिरला." असा शोध आपल्याकडे कुणी लावला नव्हता. सरांनी पंधरा दिवसांत निबंध लिहिला आणि परदेशी नियतकालिकाकडे धाडला. तो छापून आला तेव्हा त्यांच्या नावामागे माझंही नाव होतं. आईने आळीत पेढे वाटले. वडिलांना बोलता येत नव्हतं, पण मी मासिक समोर धरल्यावर त्यांनी डाव्या हाताने माझ्या नावावर बोट ठेवलं, आणि ते बोट बराच वेळ तिथेच होतं. ते बोट आठवलं की मला अजून स्वतःचा संताप येतो.

मग एका दुपारी मी कार्यशाळेत गेले होते. एक काप फुटला होता, तो पुन्हा करून हवा होता. चाचा चहा पीत बसले होते. मी सहज म्हणाले, "यंदा वरच्या टप्प्यात तुमचे फार हाल झाले असतील ना, चाचा? तिथे चढ केवढा उभा आहे."

"चढ कसला, ताई," ते म्हणाले. "माथ्यावर देवळापर्यंत सडक झालीय. जीपनं थेट वर गेलो. सरांना गुडघ्यांनी चढवेना. देवळापासून उतरत आलो, दगड घेत घेत. मागल्या वर्षीची आपली खूण लागली तिथं थांबलो."

चाचांनी मलाही दिलेला चहाचा कप माझ्या हातात होता. तो खाली ठेवायला मला जागा सापडेना.

म्हणजे एकोणचाळीस नंबर अर्ध्यावरचा नव्हताच. तो माथ्यावरचा होता, आणि एकसष्ट नंबर अडतिसाच्या शेजारी, दहा पावलांवर. मी वर गेले आणि तेवीस आकडे उलट्या क्रमाने मांडले. सगळे ठिपके एका रेषेत आले. नाल्यापासून देवळापर्यंत एकच रस, एकदाच भरलेला, शांतपणे थिजत गेलेला. कुठे उडी नाही, नवा रस नाही, मागे फिरणं नाही. अडतीस आणि एकसष्टचे काप शेजारी शेजारी लावले, तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. आयुष्यभर "खालून वर" म्हणणारा माणूस एकदाच वरून खाली आला होता, आणि तेवढं एक वहीत लिहायचं विसरला होता.

मी नवा आलेख घेऊन सरांकडे गेले. मला खरंच वाटलं होतं की ते कपाळाला हात लावतील आणि दुरुस्ती पाठवू म्हणतील. चूक कुणाचीही होते. त्यांनी आलेख पुष्कळ वेळ बघितला. त्यांना पटलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यांनी तो घडी करून माझ्याकडे सरकवला.

"वडिलांची तब्येत कशी आहे आता?"

"तशीच आहे, सर."

"प्रबंध कधी देताय?"

"या वर्षाअखेर म्हणत होते."

"द्या. आता फार लांबवू नका. आणि हे बघा, नोंदवहीतल्या उंच्या कुणी भरल्या आहेत? अक्षर कुणाचं आहे? मी आपलं म्हणून सांगतो. लोक आधी अक्षर बघतात."

ते मला कधी अगं-तुगं करत नसत. धमकीसुद्धा त्यांनी आपण म्हणून दिली. मी आलेख पिशवीत घातला आणि मूग गिळून बसले. पुढे वर्षभर रोज कार्यशाळेवरून जाताना चाचा "काय ताई" म्हणायचे आणि मी "काही नाही, चाचा" म्हणायचे. तेही खरंच होतं.

खोटं टिकतं ते दुसरा कुणी डोंगर चढेपर्यंत. दुसऱ्या एका विद्यापीठातली मंडळी तो डोंगर चढली, तीही नाल्यापासून. त्यांना मागे फिरलेला शिलारस कुठे दिसेना. त्यांनी विभागाला पत्र लिहिलं, सभ्य भाषेत, की आपले वरचे नमुने एकदा पडताळून पाहावेत. सर त्या वेळी विभागप्रमुख होण्याच्या रांगेत पहिले होते. निवृत्तीला टेकलेल्या प्रमुखांनी तिघांची समिती नेमली. माझा प्रबंध तेव्हा परीक्षकांकडे गेलेला होता, तोंडी परीक्षा बाकी होती.

समितीसमोर सरांनी सांगितलं की कार्यशाळेत नंबरांची अदलाबदल झालेली दिसते. बस, एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला दूषण दिलं नाही. करून सवरून नामानिराळं कसं राहावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

मग चाचांना बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते, ईदला घालावा तसा.

"काचेवरचे नंबर तुम्हीच घालता ना?"

"हो साहेब. मीच घालतो."

"दगडावरचे?"

"तेही मीच."

"मग चूक दुसऱ्या कुणाकडून होणार?"

"चूक नाही, साहेब. नंबर बरोबर आहेत. आम्ही वरून खाली आलो, म्हणून ते वरून खाली आहेत."

सर हसले. "नमुने नाल्यापासून चढत घ्यायचे असतात, हे आपल्या विभागात झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. मीच तो नियम घातला. मी वरून खाली येईन का?"

समितीतले एक गृहस्थ माझ्याकडे वळले. चाचाही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मला ते त्यांनीच तर सांगितलं होतं. आता ताई बोलतील आणि आपण परत कामाला जाऊ, असा तो चेहरा होता.

"तुम्ही काय सांगाल? हे लोक वरून खाली आले होते का?"

मी म्हणाले, "त्या वर्षी मी गेले नव्हते. वडील आजारी होते."

"मग नंबर कुठे चुकले असतील?"

"नंबर कार्यशाळेत पडतात," मी म्हणाले.

दोन उत्तरं. दोन्ही खरी. आमच्या गावात खोटं बोलायला खोटं बोलावं लागत नाही, अर्धवट खरं बोलून गप्प बसलं की भागतं. चाचांनी माझ्याकडे आणखी क्षणभर बघितलं, आणि मग ते समितीकडे न बघता खिडकीकडे बघायला लागले. त्यानंतर त्यांना जे विचारलं त्याला ते फक्त "हो साहेब" म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पण म्हण म्हणणारी माणसं बहुधा प्रेक्षकांत असतात. मी फाशीची दोरी धरून उभी होते.

चाचांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, कामात निष्काळजीपणा म्हणून. करवत आणि घासायची तबकडी त्यांच्या हातून काढून घेतली आणि त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. खडू, डस्टर, रिकामी खोकी आणि वापरून झालेले दगड सांभाळायला. सरांनी त्याच परदेशी नियतकालिकात दुरुस्ती छापली. कार्यशाळेतील नंबरांच्या चुकीमुळे क्रम उलटला होता, आता तो सुधारला आहे, शिलारसाचा विकास एकाच दिशेने झाला. म्हणजे एकाच डोंगरावर त्यांचे दोन निबंध झाले, एक चुकीचा आणि एक बरोबर, आणि पुढच्या वर्षी ते प्रमुखही झाले. माझ्या प्रबंधात परीक्षकांच्या संमतीने आलेख बदलला. सत्य अखेर बाहेर आलं, असं म्हणायला हरकत नाही. फक्त ते चाचांच्या पाठीवरून बाहेर आलं.

तोंडी परीक्षा झाली. आमच्याकडे ज्याची होते त्याने विभागातल्या प्रत्येकाला हाताने पेढा द्यायचा असतो, प्रमुखांपासून शिपायापर्यंत. मी खोका घेऊन फिरले. सरांनी पेढा तोंडात टाकून "डॉक्टर!" म्हटलं. सगळ्यांचं झालं आणि स्टोअर तेवढं राहिलं. जाऊ नये असं फार वाटत होतं. पण गेले नसते तर लोकांनी विचारलं असतं, का गेली नाही. मी गेले ती त्या भीतीने. चाचांसाठी गेले असं लिहायला मला आवडलं असतं.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी वर गाळली. ती मी पन्नास वर्षं गाळत आले आहे.

समितीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी स्टोअरमध्ये गेले होते. माझ्याकडे किल्ली होती. दिवसातल्या पहिल्या दगडावर चाचा जागा लिहितात, हे मला आठवलं होतं. एकोणचाळिसाचं खोकं मी उघडलं. सगळे दगड नंबर वर करून ओळीने ठेवलेले होते. पहिल्या दगडावर पांढऱ्या ठिपक्यात "३९" होतं आणि त्याखाली, बारीक, ठसठशीत अक्षरात, "देऊळ".

तो एक दगड समितीपुढे ठेवला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं. कुणाला एक शब्द बोलावा लागला नसता. मलासुद्धा नाही. तो मी तळहातावर घेतला. मग मी वडिलांचा विचार केला. खरं सांगायचं तर मी वडिलांचा विचार केला असं पुढे स्वतःला सांगितलं. तेव्हा मी फक्त माझा विचार केला. मी तो दगड खोक्यात परत ठेवला. पालथा. वर आणखी दोन खोकी रचली आणि कुलूप लावलं.

आणि महिनाभरात चाचांना त्याच खोलीत पाठवलं गेलं.

मी पेढे घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ते टेबलापाशी बसून खडूंच्या पेट्यांची यादी करत होते. कागद उडू नयेत म्हणून यादीवर एक दगड ठेवला होता. पांढरा ठिपका दाराकडे. मला दारातूनच वाचता आलं.

"या, ताई," ते उठून म्हणाले. "मुबारक. डॉक्टर झालात."

मी पेढा पुढे केला. त्यांनी तो उजव्या हाताने घेतला, एका कोऱ्या कागदात गुंडाळला आणि शेल्फवर ठेवला. घरी नेतो म्हणाले. यादीवरच्या दगडाबद्दल मी काहीतरी बोलावं म्हणून ते थांबले नाहीत. मी मात्र थांबले होते.

"चाचा," मी म्हणाले, "नंबर बरोबर होते."

"ते मला ठाऊक होतं, ताई."

मग त्यांनी एकोणचाळीस नंबर उचलला, त्याच्याखालची यादी सारखी केली आणि तो परत होता तसा ठेवला, ठिपका दाराकडे करून.

"या खोक्यात बावीस दगड सुलटे होते," ते म्हणाले. "एक पालथा होता. तो कुणी पालथा केला, हे मी कुणाला विचारलं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. मी उरलेल्या पेढ्यांचा खोका हातात धरून "येते" म्हणाले आणि जिना चढून वर आले. त्यानंतर ते सहा वर्षं त्या खोलीत होते. त्या सहा वर्षांत मला स्टोअरमधून जे काही लागलं ते आणायला मी शिपायाला पाठवलं.

वडील गेले, सर गेले. सरांच्या शोकसभेत मी "दगड खालून वर वाचायचा" या त्यांच्या वाक्याने सुरुवात केली आणि लोकांनी माना डोलावल्या. चाचा गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही कॅन्टीनमध्ये, कुणीतरी दुसरं काही सांगताना. मी गंज पेठेत कधीच गेले नाही.

तीसएक वर्षं मी मुलांना तोच डोंगर शिकवला. रसातून आधी काय जातं, मग काय जातं, शेवटी काय उरतं. आता वारज्यात राहते. निवृत्त होताना स्टोअर रिकामं करायचं होतं, सगळे दगड भरावात टाकणार होते. मी एकोणचाळीस नंबर मागून घेतला. तो माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. शाई अजून गेलेली नाही, चाचांनी घातलेली अक्षरं जात नाहीत. कामाला येणारी बाई टेबल पुसताना तो उचलते आणि तिला ठाऊक नसल्यामुळे कधी कधी पालथा ठेवते. मी उठते आणि सुलटा करते.

स्टोअरला कुलूप लावलं त्या दिवशी त्याला एवढंच हवं होतं.